चुलीपाशी आणलेलं पाखरू

...दोन तारा, केसाएवढ्या बारीक, आणि प्रत्येकीच्या टोकाला जांभळट निळी चकती — एतेल्विनाच्या तळहाताबाहेर लोंबणाऱ्या त्या शेपटीकडे आधी लक्ष जात होतं, मग पाखराकडे. चकतीशेपट्या गुंजनपक्षी, नर. सकाळी नळापाशी, झुडपाखाली सापडला, खड्यासारखा गार.

"गार म्हणजे गेलेलाच," शेजारची रोसाउरामावशी दारातूनच म्हणाली होती. "गलोल न मारता मिळालाय, नशीब काढलंस पोरी. काळीज काढ, चुलीवर सुकव, पूड कर, नवऱ्याच्या कॉफीत घाल. मेलकियादेस कुठे जायचा नाही मग."

"तुम्ही काकांना घातलं होतंत?"

"घातलं ना. बघ की, इतकी वर्षं बाकावर बसून घोरतोय. उतरवायचा उपाय मात्र आईनं सांगितला नाही मला."

तेव्हा हसू आलं होतं. आता मावशी गेली होती, कॉफी उकळत होती, पायांत घरचे पाळलेले गिनीपिग चींचीं करत होते आणि हातात बटाटे सोलायची सुरी होती. बाहेर मेलकियादेस पोतं बांधत होता — दुपारच्या बसने पुन्हा किनाऱ्याकडच्या ऊसतोडीला. मागच्या वेळी गेला तो धाकटी चालायला लागल्यावरच उगवला. ती त्याची दाढी बघून रडली... या वेळी परतेल? न परतलेले काय थोडे होते गावातले. आणि थांब म्हणायची सोय नाही. निघालेल्याला थांब म्हटलं की घाटात दरड येते, हे इथल्या बायकांना आईच्या दुधातूनच मिळतं. म्हणून तर हे काळीज — न बोललेला शब्द कॉफीतून पाजायचा.

पण नेमकं कुठे असेल ते? मसुराएवढं तर असणार. तिने अंगठ्याने छाती चाचपली. काहीतरी थरथरलं. माझीच शीर, तिने स्वतःला सांगितलं, सुरीला घाबरलेली. पुन्हा थरथर — आता तर अंगठा उचललेला होता.

चुलीची धग... म्हणजे रात्रभर हे असं, जवळजवळ न जगता, थंडी सरायची वाट बघत होतं? मावशी, तिची आई, त्या आईची आई — किती जणींनी गार म्हणून चिरलं असेल... छातीत आता ठोके नव्हतेच, एकच अखंड गुणगुण होती. पाखराने मान वळवली आणि काळपट गळा एकदम पेटला — हिरवा, नाही, निळा, नाही, ज्याला या घरात नावच नव्हतं असा. एवढासा जीव, आणि त्याच्यापुढे आपण चूल, छप्पर, डोंगर सगळ्यांसकट लहान होत चाललोय... मीही अशीच गार पडून होते ना, तो नसताना? मला वाटलं होतं, मी संपले.

सुरी कुठे ठेवली, कळलं नाही.

"झाली का कॉफी?" मेलकियादेसने उंबऱ्यात पाऊल टाकलं.

"थांब," ती म्हणाली.

तो थांबला. एक पाय आत, एक बाहेर, खांद्यावर पोतं. दरड दोघांनाही एकदमच आठवली.

"कुणाला म्हणतेस?" त्याने अगदी हळू विचारलं.

तळहाताबाहेर चकत्या हलू लागल्या, एक आधी, मग दुसरी, आपापल्या तालात. कॉफी उतू जाऊन निखाऱ्यावर चुरचुरली. कुणाला ते तिला खरंच माहीत नव्हतं — आणि माहीत नसणं इतकं हलकं असतं, पाखराच्या वजनाएवढं, हे ती हात उघडा ठेवून, श्वाससुद्धा जपून सोडत, बघत राहिली...