अंजिराजवळची काजळी

लझरने ब्रश बादलीत टाकला आणि बाजूला सरकून आईला भिंत दाखवली.

"बघ. एवढी काजळी ठेवली मी."

मन्नूबिया धापा टाकत उभी राहिली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती दुग्ग्याच्या टेकडीवर चढलीच नव्हती. तिच्या लग्नाआधी या रोमन देवळाच्या भिंतींना पाठ लावून तिच्या माहेरासकट गावातली घरं उभी होती. मग सरकारने जुने अवशेष मोकळे करायला घेतले, सगळ्यांना खाली सपाटीवर वसवलं आणि घरं पाडली. राहिली ती फक्त भिंतींवरची चुलींची काजळी. आता तीही घासून काढायची होती, आणि ते काम नेमकं तिच्या पोटच्या पोराला मिळालं होतं. आठवडाभर ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. शेवटी त्यानेच विचारलं, आजीची चूल कुठली? अंजिराजवळची, एवढंच ती म्हणाली होती.

अख्खी भिंत मधासारखी पिवळी झाली होती. अंजिराजवळ तेवढा एक काळा पट्टा उरला होता.

पण हे झाड तिच्या ओळखीचं नव्हतं. त्यांचं अंजीर पलीकडच्या कोपऱ्यात होतं. वठून गेलं असणार. हे मागाहून शेजारच्या तराकीच्या अंगणात आपसूक उगवलेलं. म्हणजे काजळीही तराकीच्या चुलीची. तिचं नि मन्नूबियाच्या आईचं पाण्यावरून बिनसलं ते शेवटपर्यंत. त्या बाईचा धूरसुद्धा भांडायला येतो, असं आई म्हणायची.

पलीकडचा कोपरा लख्ख होता, अजून ओला. त्यावरून एक काळसर ओघळ खाली चालला होता. मन्नूबियाला एकदा घरी यायचं होतं, आणि घर आत्ताच धुऊन गेलं होतं.

"मुकादमाला थाप मारली," लझर खुशीत सांगत होता. "म्हटलं, हा दगडच काळा आहे साहेब, घासून हात गेले. आजीचीच आहे ना गं?"

त्याची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

तिने काजळीवर तळहात टेकवला.

"तिचीच. दुसऱ्या कुणाची असणार?"

मग ती तिथेच बसली. फडक्यातली रोटी सोडून तिने एक तुकडा त्याला दिला, एक स्वतः घेतला. तो खात खात बादली भरायला गेला. तेव्हा तिने आणखी एक तुकडा मोडून काळ्या दगडाच्या खोबणीत ठेवला.

"खा, तराकीमावशी," ती हळूच म्हणाली. "पण आमच्या आईला सांगू नकोस."