शकुनाचा एक पीळ

मी बोल्ट बोलतोय. ब्रेकचा बोल्ट. हसू नका. गाडी म्हटली की लोक इंजिनाचं कौतुक करतात, रंगाचं करतात, हॉर्नचंसुद्धा करतात. उतारावर पाय दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली, तर त्यात आमचाही काही वाटा असतो, हे मात्र कोणाच्या गावी नसतं.

आम्ही दोघं भाऊ. ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकामागे एक वर, एक खाली. ब्रेक दाबला की चाकाच्या लोखंडी तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरतो तो कॅलिपर. त्या कॅलिपरला आम्ही धरून ठेवायचं, एवढंच आमचं काम. वरचा मी. कुठल्याशा कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, अंगाला आटे पाडले आणि डोक्याला सहा कोपरे दिले. ते दिवस मला धड आठवत नाहीत. बाळपण कोणाला आठवतं? मला आठवतं ते नर्मदेकडच्या रांझी वस्तीतलं अंगण.

त्या अंगणात आमची पांढरी गाडी आली ती दसऱ्याच्या मुहूर्तावर. मालक भय्यासाहेब लष्कराच्या फॅक्टरीत फिटर होते. कामाला सायकलनेच जायचे, गाडी फक्त रविवारी निघायची. कुंडमच्या रस्त्यावर सीताफळं घ्यायला जायची, आणि नागपूरहून पाहुणे आले की भेडाघाटला. पाहुणा कितीही थकलेला असो, धबधबा पाहिल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. कधी नागपूरच्या रस्त्याला लागलो की तिलवाऱ्याच्या पुलावर गाडी हळू व्हायची आणि सगळे एकदम म्हणायचे, “नर्मदे हर!” मी चाकाच्या आत बसलेला. मला दिसायचा फक्त टायरचा पाठचा भाग आणि चिखल. नर्मदा कशी दिसते ते मला काय माहीत!

हेमलताबाईंना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, गाडी शिकवली तीही भय्यासाहेबांनीच. पहिल्या दिवशी बाईंनी ब्रेक असा काही दाबला की मागच्या सीटवरचा चिवड्याचा डबा पुढे येऊन सांडला. दुसरा नवरा असता तर ओरडला असता. हे गृहस्थ केसांतले पोहे झटकत म्हणाले, ब्रेक तर मस्त लागून राहिला आहे. मी त्या दिवशी जो फुगलो, तो पुढे बरीच वर्षं उतरलो नाही.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण माझी सगळी कथा तिथेच आहे.

त्या घरात दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडायचे. हातोडी, पक्कड, कानस आणि मधोमध एक जाडजूड इंची पाना. तो भय्यासाहेबांना त्यांच्या उस्तादांनी निवृत्त होताना दिलेला. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आरती. मग ग्वारीघाटाहून कळशीत आणलेलं नर्मदेचं पाणी चारही चाकांवर ओतायचं. आणि शेवटी स्टिअरिंग पूर्ण वळवून, चाकामागे हात घालून, तो इंची पाना माझ्या डोक्यावर चढवायचा. भय्यासाहेबांचा हात, त्यावर हेमलताबाईंचा बांगड्यांचा हात, त्यावर त्यांच्या लेकाचा, अनुपमचा. तिघांनी मिळून मला थोडंसं आवळायचं. याला म्हणायचे शकुनाचा एक पीळ. पीळ दिला की भय्यासाहेब माझ्यावर दोनदा बोटं टेकवून म्हणायचे, “धरून ठेवजो रे बाबा.”

जगात कुठे असं करतात का, मला ठाऊक नाही. कंपनीच्या पुस्तकात तर नक्कीच नसेल. अहो, मी चौदा नंबरचा, म्हणजे चौदा मिलिमीटरचा बोल्ट. माझ्या डोक्याला चौदाचाच पाना लागतो. तो इंची पाना चौदाला बसायचा, पण केसभर सैल. फॅक्टरीतल्या जुन्या ट्रकांचं सगळं काम इंचात चालायचं, तेच हात घरी आले. दरवर्षी माझे कोपरे थोडे थोडे झिजत गेले. त्यात वरून नर्मदामाईचं पाणी, ते कोणी पुसतसुद्धा नव्हतं. पुण्य मिळालं असेल, पण आट्यांत गंज चढला. तरी तक्रार करायला माझं तोंड उघडलं नाही. वर्षातून एकदा तीन माणसं आपल्या डोक्यावर हात ठेवतात, हे सुख किती बोल्टांच्या नशिबी असतं?

मागच्या वर्षी उन्हाळ्यात भय्यासाहेब गेले. मला कोणी सांगायला आलं नाही. मला चाकाखालून फक्त चपला दिसतात. त्या सकाळी अंगण चपलांनी भरलं, आणि दुपारी सगळ्या निघून गेल्या. दारापाशी त्यांच्या तेवढ्या राहिल्या. त्या दसऱ्याला माझ्याकडे कोणी फिरकलं नाही. गाडीवर कापड पडलं, हिवाळा गेला, पावसाळा गेला, तबकडीवर गंज चढून ब्रेक जाम झाले. मी मात्र धरून होतो. मला तसं सांगितलेलं होतं.

यंदा दसऱ्याच्या सकाळी अनुपम पुण्याहून आला तो ठरवूनच. अंगणात उभं राहून आईला समजावून राहिला होता. म्हणे, पंधरा वर्षांवरची गाडी, पुन्हा पासिंग करायचं म्हणजे डोक्याला ताप, ब्रेक तर पार बसलेत. भंगार नेणाऱ्या कबाडवाल्याशी बोललोय, तो उद्या येतो. हेमलताबाईंनी गाडीवरचं कापड सारखं केलं. मग म्हणाल्या, “माझ्या मर्जीने एवढीच एक गोष्ट चालते रे. ही गेली की मी बाजारालाही कोणाच्या सोयीने जायचं, आणि देवळातही कोणाच्या सोयीने.”

अनुपम काही दगड नव्हता. ठरलं असं की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत ब्रेक सुटले, तर गाडी राहील. नाही सुटले, तर सकाळी कबाडवाला घेऊन जाईल.

बोलावणं गेलं तुळशीरामकाकांना. भय्यासाहेबांचे फॅक्टरीतले जोडीदार, मागच्याच गल्लीत राहणारे. आल्या आल्या छाती काढून म्हणाले, अशा बोल्टांना मी चहा पिता-पिता सोडवलंय. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं आणि किती दिवसांनी माझ्या तोंडावर ऊन पडलं. ब्रेक सोडवायचा तर कॅलिपर उतरवायचा, म्हणजे आधी आम्ही दोघांनी सुटायचं. खालचा बोल्ट, माझा सख्खा भाऊ, पहिल्याच झटक्यात सुटला. मला भारी राग आला. इतकं काय घाबरायचं!

मग काका माझ्याकडे वळले. आणि खिशातून काढला काय? इंची पाना! दोघे एकाच उस्तादाचे चेले ना. पाना चढवला, अंगाचा भार टाकला, आणि कर्रकन पाना माझ्यावरून घसरला. उरलेसुरले कोपरे गेले. डोकं पार गोटीसारखं गोल झालं. काकांची बोटं सोलली आणि चेहरा उतरला.

त्यानंतर माझे जे हाल केले, ते वैऱ्याचेही होऊ नयेत. गंज सोडवायचं तेल पाजलं. हातोडीने ठोकलं. गॅसच्या ज्योतीने लाल होईस्तोवर भाजलं. तेरा नंबरचा पाना माझ्या गोल डोक्यावर ठोकून-ठोकून बसवला, त्याला लांब पाइप लावला, आणि अनुपम नि काका दोघे लोंबकळले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. मी हललो नाही. काका घाम पुसत म्हणाले, “वहिनी, ये नहीं मानेगा. कापावा लागेल, आणि कापला तर हा ज्यात बसलाय ती मागची जोडणीही जाईल. या गाडीची जोडणी आता मिळत नाही.” म्हणजे काय ते अंगणात सगळ्यांना कळलं. अनुपमने फोन हातात घेतला, पण आईकडे पाहून पुन्हा खिशात ठेवला.

मला सुटायचं नव्हतं का? खरं सांगू, मला तेव्हा काही कळेना. बाई समोर उभ्या, डोळे भरलेले. त्यांच्यासाठी सुटावं असं फार वाटत होतं. पण आटे गंजाने एकजीव झालेले. आणि भय्यासाहेबांनी मला धरायलाच शिकवलं होतं, सोडायला कधी शिकवलंच नाही.

ऊन उतरत आलं तेव्हा हेमलताबाई आत गेल्या आणि पूजेचं ताट घेऊन आल्या. माझ्या वाकड्यातिकड्या डोक्याला त्यांनी हळदकुंकू लावलं. म्हणाल्या, मागच्या वर्षी पीळ राहून गेला, आज देऊ.

“आई, आम्ही सोडवून राहिलो आणि तू आवळायचं म्हणून राहिली!” अनुपम म्हणाला. “काहून उलटं काम सांगतेस?”

“जायचंच असेल तिला, तर शकुन घेऊन जाऊ दे,” बाई म्हणाल्या. “तुझ्या बाबांनी एवढं एकच व्रत केलं रे आयुष्यभर.”

बाईंनी पाइपला हात घातला. त्यावर अनुपमने ठेवला. तिसऱ्या हाताची जागा रिकामी होती. तुळशीरामकाकांनी थोडं थांबून, फडकं गुंडाळलेला आपला हात तिथे ठेवला. हेमलताबाई हळूच म्हणाल्या, “धरून ठेवजो रे बाबा,” आणि तिघांनी मला आवळलं.

कट्!

माझ्या आतून आवाज आला. आट्यांतला गंज तडकला होता. आवळायच्या दिशेने मी केसभर सरकलो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंग मोकळं वाटलं.

काकांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “अच्छा! रुको, रुको. आता उलटा फिरव, अनुपम. हळू.” जाम झालेला बोल्ट आधी थोडा आवळायचा, गंज तुटू द्यायचा, मग सोडायचा. ही गोष्ट काकांना फॅक्टरीत पहिल्या वर्षी शिकवलेली होती. फजितीच्या रागात डोक्यातून पार गेली होती, इतकंच.

मी फिरलो. आधी कुरकुरत, मग सावकाश. लाल भुकटी झडत गेली आणि शेवटच्या आट्याला मी हेमलताबाईंच्या ओंजळीत पडलो. त्या रडत होत्या. अनुपमही रडत होता, पण तोंड गाडीकडे करून.

दुसऱ्या सकाळी कबाडवाला चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. नवी तबकडी आली, नवे पॅड आले, माझ्या जागी नवा बोल्ट आला. चौदा नंबरच्या पान्याने आवळला त्याला, बरं का. इंची पाना आता फक्त पाटावर बसतो. बाईंनी नव्याच्या डोक्यावर दोनदा बोटं टेकवली आणि म्हणाल्या, “धरून ठेवजो रे बाबा. पण आम्ही हाक मारली की सुटजो.” हे दुसरं वाक्य मला कोणी म्हटलं असतं तर! असो.

मला बाईंनी फेकलं नाही. तेल पुसून डॅशबोर्डच्या खोबणीत, छोट्या गणपतीशेजारी ठेवलंय. सारा जन्म चाकाच्या पाठीमागे काढलेला मी आता काचेतून रस्ता बघतो. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे की आम्हाला आवळा, खुशाल आवळा, पण मापाच्या पान्याने. आणि कधीमधी सोडूनही बघत जा.

पासिंग झाल्यावर बाई एकट्याच निघाल्या, तिलवाऱ्याच्या पुलावरून. खाली उन्हात पसरलेली नर्मदा मी पहिल्यांदा पाहिली. दर दसऱ्याला माझ्या डोक्यावरून वाहायची ती हीच! केवढी मोठी आहे हो! तेवढ्यात पुढे एक म्हैस आडवी आली. बाईंनी ब्रेक दाबला. जुन्या सवयीने मी खोबणीतल्या खोबणीत अंग आवळलं.

गाडी थांबली. मी नसतानाही थांबली. भय्यासाहेब, थांबली हो गाडी.