वेळेवर जेवत जा, बाबा

चौदा वर्षं दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नर्स म्हणून उभं राहून दीक्षाचा गुडघा गेला, म्हणून तिला टेबल मिळालं. टेबलावर एक फोन आणि एक यादी. महिन्या-दोन महिन्यांत दोनदा-तीनदा धापा टाकत किंवा बेहोश होऊन कॅज्युअल्टीत आलेल्या, सलाईन लावून घरी गेलेल्या आणि परत आलेल्या माणसांची नावं त्या यादीत होती. त्यांना फोन करायचा, औषध चालू आहे का विचारायचं आणि पुन्हा असं धावत यावं लागू नये एवढं बघायचं.

कल्पना कॅज्युअल्टीच्या डॉक्टर अपूर्वची होती. तो म्हणाला होता, "सिस्टर, जे घरीच बरे राहू शकतात ते माझ्या खाटांवर आहेत, अन् ज्याले खाट पाह्यजे तो बाहेर स्ट्रेचरवर पडून आहे."

दीक्षा दिवसाला तीस फोन करायची. बहुतेक लोक "हो जी, घेतो जी" म्हणून ठेवून द्यायचे. काही जण उचलायचेच नाहीत. संध्याकाळपर्यंत तिच्याच आवाजाचा तिला कंटाळा यायचा.

यादीत मनोहररावांचं नाव होतं. वय एकाहत्तर, राहणार कामठी. चाळीस वर्षं पॉवरलूमवर काम केलेला माणूस. त्यांना दीक्षा आधीपासून ओळखत होती. दोन महिन्यांत तीनदा आले होते, तिन्ही वेळा सकाळी दहा-साडेदहाला, घामानं भिजलेले, जीभ जड झालेली. साखर पार खाली गेलेली. दर वेळी शेजारचा ऑटोवाला अंकित त्यांना घेऊन यायचा. ग्लुकोज चढलं की वीस मिनिटांत ते उठून बसायचे, ओशाळायचे आणि खाटेवरची चादर स्वतःच सारखी करायचे.

"काय झालं होतं बाबा?"

"विसरलो जी जेवायले."

"इन्सुलिन घेतल्यावर जेवायचंच असते. वेळेवर जेवत जा, बाबा."

"हो जी."

हे संभाषण तिन्ही वेळा झालं होतं. शेवटी कोणीतरी त्यांच्या कागदावर लिहिलं, 'जेवायला विसरतात, स्मरणशक्ती तपासावी.' आणि दुसऱ्या वेळी, तेव्हा दीक्षा अजून टेबलावर आलेली नव्हती, त्यांची सून गोपिका धावत आली होती तर दीक्षा तिला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "घरात म्हातारं माणूस आहे. त्याले सकाळी दोन घास देणं होत नाही का वं तुमच्याच्यानं?" गोपिकानं सासऱ्यांची पिशवी उचलली होती आणि त्यांना घेऊन ती गेली होती.

मार्चमध्ये एका मंगळवारी मनोहरराव चौथ्यांदा आले. शुद्धीवर आल्यावर त्यांना टेबलापाशी बसलेली दीक्षा दिसली. ते म्हणाले, "सिस्टर, तुमच्या पोरीची बारावी संपली असन ना आता? केमिस्ट्रीचा पेपर राहिला होता म्हणे."

मागच्या खेपेला सलाईन संपायची वाट बघताना दीक्षानं ते सहज सांगितलं होतं. तिला स्वतःला सांगितल्याचं आठवत नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ज्याला दुसऱ्याच्या पोरीचा कोणता पेपर राहिला ते आठवतं, तो माणूस चारदा जेवायला विसरतो?

"बाबा, खरं सांगा. काहून नाही जेवले?"

"विसरलो जी," ते म्हणाले, आणि चादर सारखी करू लागले.

गुरुवारी दीक्षाची सुट्टी होती. घरी कपडे साचले होते, झोपही साचली होती. तरी ती कामठीच्या ऑटोत बसली. असं कोणाच्या घरी जायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. फोनवर मात्र आणखी एकदा तेच विचारायचा तिला वीट आला होता.

गल्लीत दोन-तीन शेडमध्ये माग चालू होते, बाकीच्यांना कुलपं होती. मनोहरराव घरासमोर खाटेवर बसले होते. सव्वानऊ वाजले होते. तिला बघून ते गडबडले, आत जाऊन पाणी घेऊन आले. पेला तिच्या हातात देताना पाणी सांडलं.

"हात कापून राहिले तुमचे. सुई घेतली?"

"सातलेच घेतली. डॉक्टरनं सांगतलं तसं, रोज सातले."

"त्याच्यावर काय खाल्लं?"

"चहा. एक टोस्ट."

"अन् जेवण?"

"होते ना. गोपिका आली का होते."

"कधी येते गोपिका?"

ते गल्लीकडे बघू लागले. दीक्षानं पिशवीतलं मशीन काढून त्यांच्या बोटाची साखर पाहिली. बासष्टवर उतरली होती. घरात शिरून डबे उघडत तिनं साखर शोधली, पाण्यात ढवळून त्यांना पाजली आणि वर गुळाचा खडा दिला. गॅसची शेगडी लख्ख पुसलेली होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

गोपिका आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. ती कॅन्टोन्मेंटमधल्या चार घरी स्वयंपाक करायची. अंगाला फोडणीचा वास येत होता. नवरा सुशील बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात होता, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि आठवड्यातून एक दिवस घरी यायचा. दीक्षाला दारात बघून ती जागीच थांबली.

"आता काय झालं? परत नेलं होतं का मामाजीले?"

"नाही. मी अशीच आली."

"पाहाले आली असन, सून जेवायले देते का नाही." ती चप्पल काढून सरळ आत गेली आणि पीठ मळायला बसली.

दीक्षा चौकटीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं त्या दिवशी. विचारलं नाही अन् बोलून गेली."

गोपिकाचे हात चालूच होते. "साडेचारले उठतो मी. साडेपाचले निघतो. चार घरचं करून आली का मग घरचं करतो. कोणाकडे पाहुणे आले का बारा वाजते. मामाजी कधी बोलले नाही का भूक लागते. मी विचारलं तर म्हणे, म्हाताऱ्याले कुठं भूक राह्यते."

"सुई सातले घेतात अन् जेवण अकराले. रोज चार तास उपाशी. मंग साखर उतरनच."

गोपिकाचा हात परातीत थांबला. "सुईवर लगेच जेवा लागते?"

"तुम्हाले कोणी सांगतलं नाही?"

"मले कोण सांगते? दवाखान्यातून आले का म्हणायचे, मी विसरलो होतो. डॉक्टरही तेच म्हणे. मी समजली का डोक्यात फरक पडून राहिला." ती उठून दारात आली. पिठाच्या हातांनीच सासऱ्यांसमोर उभी राहिली. "मामाजी, काहून नाही सांगतलं? रातची पोळी झाकून ठेवली असती ना मी. दुधात कुस्करून खाल्ली असती तुम्ही."

मनोहरराव खाली बघत म्हणाले, "तू साडेचारले उठतेस बाई. आणखी तुले काय सांगू."

"लोक काय म्हणून राहिले मले, माहीत आहे? गल्लीतल्या बाया म्हणते, सुनेनं म्हाताऱ्याले उपाशी मारलं. दवाखान्यात ह्या सिस्टर बोलल्या. तुम्ही तिथंच होते. ऐकून राहिले होते."

"म्हणूनच तर म्हणे का मी विसरलो," मनोहरराव म्हणाले. "दोष माझ्यावर यावा म्हणून."

"आला का तुमच्यावर?"

गोपिका आत गेली. आतून पोळ्या लाटण्याचा आवाज येऊ लागला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

दीक्षानं तिथूनच डॉक्टर अपूर्वला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "चार वेळा भरती केलं आपण," तो म्हणाला. "जेवण कधी येते, कोणीच विचारलं नाही." त्यानं मात्रा बदलून दिली आणि सांगितलं की आता घड्याळ बघायचं नाही, जेवण ताटात पडल्याशिवाय सुई नाही. मनोहररावांनी ते दोनदा म्हणून दाखवलं. दीक्षानं जाड अक्षरात लिहून कागद भिंतीला चिकटवला आणि साखर पाहायचं मशीन तिथेच ठेवलं. गोपिकानं तिला जेवून जा असं म्हटलं नाही. दीक्षानंही वाट पाहिली नाही. परतीच्या ऑटोत दांड्याला डोकं टेकून ती झोपली आणि उतरायचं ठिकाण मागे राहून गेलं.

त्यानंतर मनोहरराव कॅज्युअल्टीत आले नाहीत. एप्रिल गेला, मे गेला. आढावा बैठकीत डॉक्टर अपूर्वनं ही गोष्ट सांगितली आणि दीक्षाला आठवड्यातून दोन दिवस लोकांच्या घरी पाठवायची परवानगी मागितली. परवानगी मिळाली, पण एकाच दिवसाची. गाडी मिळाली नाही. यादी तोवर साठ नावांवर गेली होती. त्यातली निम्मी माणसं अजून "हो जी" म्हणून फोन ठेवत होती. आता मात्र दीक्षा औषधाचं सगळ्यात शेवटी विचारायची. आधी विचारायची, घरी कोण कोण असते, चूल कधी पेटते, कामावर कोण जाते. लोक चक्रावायचे, पण बोलायचे.

कामठीचा फोन ती सोमवारी सकाळी करायची. गोपिकानं तिला माफ केलं होतं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. फोन नेहमी गोपिकाच उचलायची.

"गोपिकाबाई, मी दीक्षा सिस्टर."

"रातची पोळी ताटात घेतली, मंग सुई. जेवले."

"साखर?"

"एकशे चाळीस. मामाजीनं शेजारून फोन करून सांगतलं. मी कामावर आहे, ठेवतो."

फोन बंद व्हायचा. दीक्षा नावासमोर खूण करायची आणि खालचा नंबर लावायची.