सरांच्या गच्चीवरली राख

आमच्या शेजारच्या अमरेश सरांनी लातुरात नवं घर बांधलं, ते देवणीचं जुनं घर इकून. जुनं घर त्यांच्या आईच्या, गंगम्माच्या नावावर होतं. सही करताना म्हातारी एवढंच म्हणली, "आता मला मरायला एकच दार हाय बाबा."

सर क्लासमधी फिजिक्स शिकवतात. वास्तुशांतीला सगळ्यायला गच्चीवर नेऊन सोलार दाखवलं. "नीलाबाई, गॅस न्हाई, धूर न्हाई, सगळं सूर्यावर!" मी म्हणलं, बरं हाय. पुढच्याच आठवड्यात गल्लीची लाईट गेली, तर ह्यांचा बी पंखा बंद! भर उन्हात! वायरमन म्हणला, बॅटरी न्हाई, लाईनीतली लाईट गेली की हे बी बंद पडतंय. मला लई हसू आलं. पण सरांनी राग काढला म्हातारीवर, आपल्या अव्वावर. वड्याचं तेल वांग्यावर.

"अव्वा, इंडक्शनला हात लावू नको. अव्वा, गच्चीवर पापड घालू नको, सावली पडती." सून शिवानी तर बोलायची बी न्हाई, नुसती हातातलं भांडं काढून घ्यायची आन् कामवाल्या शिवकांताकडं द्यायची. जल्मभर खटल्याचा सैपाक केलेली बाई दिवसभर कॉटवर बसून राहायची. भिंतीवरून मला म्हणायची, "नीला, बसून खाल्लेलं पचत न्हाई गं. कामाची न्हाई तर कशाला ठेवून घेतील मला?"

"गप बस, आई हाईस तू," मी दटावलं.

उन्हाळ्यात दालमिलचा भुसा आन् धूळ पॅनलवर बसली. वीज कमी निघाया लागली. सर जेवताना मोबाईलवर आकडे बघायचे आन् ताटावरच चिडायचे. म्हातारी ऐकत होती.

एक दिवस सर क्लासला गेले आन् ही बया गच्चीवर चढली. पूजेची भांडी घासायला तिनं देवणीहून गवऱ्यांची राख आणली होती. ती राख, काथ्या आन् पाण्याची बादली. मी माझ्या गच्चीवरून बघते तर गुडघे टेकून, पितळ घासावं तसं पॅनल घासून राहिली. तोंडानं शिवशिव चाललेलं, चेहरा असा फुललेला. पहिल्यांदाच त्या घरात तिला खुशीत बघितलं. कंदिलाच्या काचा आम्ही राखेनंच पुसायचो, मला बी त्यात काई वावगं वाटलं न्हाई.

सगळ्या पॅनलवर ओरखडेच ओरखडे. दुसऱ्या दिवशी पॅनल बसवणारा आला. तो सरांचाच जुना विद्यार्थी. मी माझ्या गच्चीवर कपडे वाळू घालत होते.

"सर, हे कुणी घासलं? गॅरंटी गेली तुमची. इतकं तर शाळेतल्या पोरायला बी कळतंय."

गंगम्मा पाण्याचा तांब्या घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं.

"कामवाली बाई," सर म्हणले. "अडाणी हाय. काढूनच टाकणार हाय तिला." मग तिलाच म्हणले, "मावशी, पाणी ठेवा आन् खाली जा."

मेल्याची जीभ कशी झडली न्हाई! जल्मात पहिल्यांदा आईला अहोजाहो केलं, ते असं. गंगम्मानं पाणी ठेवलं. त्या माणसाचं पिऊन होईस्तोवर मान खाली घालून उभी राहिली, मग रिकामा तांब्या घेऊन खाली गेली.

सांजच्याला सर मऊ होऊन आले. आमच्या खिडकीत सगळं ऐकू येतं. "अव्वा, जेवायला चल."

"तुमी बसा, साहेब. मी मागून जेवते."

सर हसले. त्यायला वाटलं म्हातारी रुसली, होईल नीट.

कशाची नीट! पहाटे उठून, शिवकांता यायच्या आत, तिनं अंगण झाडलं, भांडी घासली, फरशी पुसली. ह्या वेळेला तिच्या हातातून कुणी काई काढून घेतलं न्हाई. मी रोज वाट बघायची, आज तरी पोरगं पाया पडंल, आज तरी सून फडकं हिसकून घेईल. चहा बी ती दाराआड उभी राहून प्यायची, आन् ते दोघं टेबलावर.

महिना संपला. त्यांच्याकडं धुणंभांडी करणारी शिवकांता डोळे पुसत माझ्या दारात आली. "काई चुकलं का गं तुझं?" मी इचारलं.

"काईच न्हाई ओ. वहिनी म्हणल्या, उद्यापून येऊ नको, आता घरचंच माणूस करतंय."