आठ वर्षं मागे ढकललेला फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझी काच उजव्या कोपऱ्यात तडकली आहे, बॅटरी दुपारीच धापा टाकते आणि पाठीवरचा तिखटाचा लाल डाग आता जाणार नाही. २०१९ साली मी एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. दोन मालकांच्या हातांतून फिरत इथिओपियातल्या देस्से गावी आलो, अस्नाकेचबाईंच्या घरी. बाई इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या जाळीदार भाकऱ्या, भाजून विकतात. त्यांची मुलगी झिनाश बैरूतला घरकामाला निघाली, तेव्हा तिने मला आईसाठी जुन्या बाजारातून आणलं.

जाण्याआधी तिने माझ्यात एक घड्याळ घातलं. इथे तास उजाडल्यापासून मोजतात. माझ्या सकाळच्या दहाला इथे चार वाजतात. इथलं वर्षही माझ्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं. ते घड्याळ इथल्या पद्धतीने वेळ आणि तारीख दाखवी, आणि मी काहीही उघडलं तरी सर्वांत वर ठळक दिसत राही. त्यासाठी एक परवानगी लागते, इतर अ‍ॅपच्या वर दिसण्याची. झिनाशने ती दिली. माझी स्वतःची वेळ वरच्या कडेला बारीक अक्षरांत असते. बाईंनी ती कधी पाहिलीच नाही.

सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. शेजारणी कॉफीला आल्या की मला हातोहात फिरवत झिनाशचे फोटो बघत. "फोन कसला, लेकच ठेवून गेलीय," असं म्हणत.

मग माझ्यात गर्दी झाली. विजेरीचं अ‍ॅप आलं, फोटो उजळणारं आलं, हवामान सांगणारं आलं. प्रत्येकाला इतरांच्या वर दिसायचं होतं. "एवढं विचारतोय तर नाही कसं म्हणायचं?" असं म्हणून बाई होकार देत. माझ्या चेहऱ्यावर रेटारेटी सुरू झाली. एक जाहिरात हटते न हटते तोच दुसरी चढे. मला क्षणभर स्वस्थता उरली नाही.

गेल्या रविवारी झिनाशचा फोन आला, चित्रासह. ती मालकिणीचं घर सोडून एका आश्रयघरात आली होती. पासपोर्ट मालकिणीने कुलपात ठेवला होता. तिच्याकडे स्वतःचा फोनही नव्हता. आश्रयघरातल्या एका बाईच्या फोनवरून, नेटवरून ती बोलत होती.

"आई, नीट ऐक. माझा बाप्तिस्म्याचा दाखला चर्चमधून आण आणि त्याचा फोटो पाठव. तो वकिलातीत दाखवला की पासपोर्टऐवजी परत यायचा कागद मिळेल. पण गुरुवारी दुपारपर्यंतच. त्यानंतर..."

तेवढ्यात विजेरीच्या अ‍ॅपने तिच्या चेहऱ्यावर दात पांढरे करणाऱ्या पेस्टची जाहिरात अंथरली. बाईंनी ती कशीबशी हटवली, तोवर बोलणं तुटलं होतं.

सोमवारी बाईंनी मला सिसायच्या दुरुस्तीच्या टपरीवर नेलं.

"मावशी, हा फोन आहे की बस? जो तो चढतोय!"

"मग उतरव सगळ्यांना."

टपरीवर गिऱ्हाइकांची रांग होती. सिसायने परवानग्यांची यादी उघडली आणि दिसेल त्याची परवानगी काढली. कोण कशासाठी आहे, हे विचारलं नाही. माझा चेहरा लख्ख झाला. बाई खूश झाल्या. त्या जाहिरातींबरोबर झिनाशचं घड्याळही गेलं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मंगळवारी दाखला मिळाला. फोटो काढायला शेजारचे गेबयेहूदादा आले. रेडिओपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं दुरुस्त करणारे हे गृहस्थ. फोटो चांगला निघाला. मग त्यांचं लक्ष माझ्या वरच्या कडेला गेलं.

"अस्नाकेच, हा वेडा झालाय! आत्ता साडेसहा वाजलेत, आणि हा साडेबारा म्हणतो." त्यांनी तारीख उघडली. "आणि हे बघ, २०२५! अगं, आपलं २०१७ चाललंय."

"अरे देवा! त्या सिसायने बिघडवला असणार. नीट करा ना, दादा."

"हा तर माझ्या हातचा मळ."

त्यांनी मला सहा तास आणि आठ वर्षं मागे ढकललं. मित्रांनो, माझ्या २०१७ सालात तर माझा जन्मही झाला नव्हता! निरोपाचं अ‍ॅप लगेच अडून बसलं. तारीख चुकली आहे, ती सुधारा, असं ते इंग्रजीत सांगत होतं. घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. फोटो जाईना. निरोपही येईना.

बुधवारचा दिवस मी विसरणार नाही. बाईंनी मला खिडकीत ठेवलं, मग अंगणात नेलं, मग छपरापर्यंत हात उंचावून धरलं. शालीच्या टोकाने पुसलं. "पोरीने बोलणं टाकलं का रे माझ्याशी?" असं मलाच विचारलं. उत्तर माझ्या आतच होतं, आणि मला तोंड नव्हतं.

गुरुवारी सकाळी हाताला पीठ तसंच ठेवून त्या टपरीकडे पळाल्या. मागून दादा.

सिसायने तारीख पाहून कपाळावर हात मारला. "हिला कोणी हात लावला?"

"मी," दादा छाती काढून म्हणाले. "तू बिघडवलेली नीट केली."

"नीट? दादा, जगातले सगळे फोन एका सालात आणि मावशींचा एकटा दुसऱ्या! ते अ‍ॅप ह्याला ओळखेल कसं?"

"मग आजवर आपलं साल कसं दाखवत होता?"

सिसायने सेटिंग उघडली. त्याने माझी तारीख पूर्ववत केली. अडलेले निरोप एकामागून एक कोसळले. चौदा होते. त्याने मोठ्याने वाचले. आई, दाखला मिळाला का? आई, रागावलीस का? आई, तू बरी आहेस ना? शेवटचा त्याच पहाटेचा होता. आज दुपारपर्यंत नाही आलं, तर विमानातली माझी जागा दुसऱ्या मुलीला देतील.

"नंतर वाच रे! आधी पाठव!" बाई ओरडल्या.

फोटो गेला. रांगेतली माणसंही माझ्याकडेच बघत होती. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. मिळाला. कागद होतोय. मंगळवारचं विमान आहे.

बाई तिथेच फळीवर बसल्या. दादांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

मग सिसायने यादी पुन्हा उघडली, आणि ह्या वेळी एकेक नाव वाचून दाखवलं.

"हे घड्याळ, मावशी?"

"ते झिनाशचं. त्याला परत वर बसव."

"ही विजेरी?"

"विजेरीचं काय काम तिच्या तोंडावर? फोनमधूनच काढ मेलीला."

आज शनिवार आहे. मंगळवार अजून यायचा आहे, त्यामुळे बाईंना झोप नाही आणि मलाही नाही. माझी बॅटरी तोवर टिकली म्हणजे मिळवली. पण मित्रांनो, तुमच्या हातातल्या फोनसाठी एवढंच मागतो. कोणी सगळ्यांच्या वर बसायची परवानगी मागितली, तर विचारा, तू कोण आणि तुला वर कशाला यायचंय? आणि परवानगी काढून घेताना त्याहून नीट विचारा, ह्याला इथे बसवून गेलं कोण?