मुसळ थांबलं की

मल्लम्माला सुनेचं एकही काम पटत नसे. भिजलेला हरभरा उखळात कुटायचा तोही तिनंच, कारण शिवकांता म्हणे त्याचा चिखल करते. हरभरा भरड राहिला आणि मग त्यात शेपू, कांद्याची पात, मिरची पडली, तरच वडा कढईत फुटत नाही. शिवकांता ज्वारीच्या घुगऱ्यांत वाळूक आणि कांदा चिरून टाकत होती.

अठ्ठेचाळीस सालचा भादवा होता. वडे घरच्यांसाठी नव्हतेच. घरामागच्या ज्वारीच्या रानात शिवकांताचा नवरा शरणबसप्पा आणि त्याचे सात जोडीदार दोन दिवसांचे उपाशी दडून बसले होते. निजामाच्या चौकीवर हल्ला केल्यापासून रझाकार त्यांच्या मागावर होते, आणि यांच्याजवळच्या गोळ्या संपल्या होत्या. खूण मल्लम्मानंच ठरवली होती. मुसळाचा आवाज येतोय तोवर हलायचं नाही. थांबला की वडे कढईत पडले समजायचं आणि जेवायला यायचं. मोठी हुशारीची खूण! घरात दुसरंच कुणी येऊन बसलं तर काय, एवढंच तेवढं कुणाला सुचलं नाही.

दिवस कलता कलता पाच रझाकार अंगणात आले. वाट दाखवायला पाटलाचा गडी बब्रुवान होता, याच गावचा, लहानपणापासून मल्लम्माच्या हातचं खाल्लेला. रझाकारांच्या जमादारानं ओट्यावर बैठक मारली आणि आधी जेवण, मग झडती, असं सांगून टाकलं. बब्रुवाननं उखळात डोकावून विचारलं, दोन बायांना एवढा हरभरा? उद्या जंगमांना जेवण आहे, मल्लम्मा म्हणाली. मुसळ तिनं थांबवलं नाही.

हरभरा कधीच कुटून झाला होता. तरी सासू कुटत होती, घामानं चिंब होऊन कुटत होती. भरड्याचं पीठ झालं, पिठाचा चिखल झाला.

बब्रुवाननं त्यात बोट घातलं.

"मल्लम्माकाकू, ह्याची तर खळ झाली. अजून कुणासाठी कुटायलात?"

जमादार उठला आणि त्यानं बंदुकीचा दस्ता तिच्या मनगटावर हाणला. वाळकी काटकी मोडावी तसा हाडाचा आवाज झाला. मुसळ पडायच्या आत शिवकांतानं ते झेललं आणि ती कुटू लागली. तिला लाथा बसल्या. केस धरून तिचं डोकं उखळावर आपटलं, भुवईचं रक्त त्या चिखलात गळलं, तरी ती कुटतच राहिली. शेवटी दोघांनी मुसळ हिसकावून अंगणाबाहेर भिरकावलं.

सगळं एकदम शांत झालं. ज्वारीतून कुंपणापर्यंत यायला एक घाणा तळण्याइतकाच वेळ लागे.

चुलीवर करडईचं तेल कढत होतं. जमादार चुलीपुढं उभा राहून तळ म्हणाला. शिवकांतानं पाच वडे सोडले. ते फुटले आणि तेलावर फेस आला. ओरडावं तर ते ऐकून शरणबसप्पा उलट धावतच आला असता. पण बंदूक वाजली की मागं न बघता सरहद्दीपलीकडे सुटायचं, ही टोळीतली पक्की ताकीद होती. आणि बंदुका तर इथंच होत्या, रझाकारांच्या हातात.

शिवकांतानं पदरानं कढईचे दोन्ही कान धरले आणि तेल जमादाराच्या तोंडावर फेकलं.

तो गुरासारखा ओरडला, तोंड धरून लोळू लागला. बाजूच्यानं बंदूक तिच्यावर रोखली. मल्लम्मानं धड हातानं नळी धरून आपल्याकडे ओढली, आणि बार उडाला. ज्वारीतली पाखरं भर्रकन वर उठली.

राहिलेल्यांनी शिवकांताला दस्त्यांनी बदडलं. मग दडलेले लोक बार ऐकून अंगावर येतील या धास्तीनं त्यांनी जमादाराला उचललं आणि माकणीच्या वाटेनं पळ काढला. बब्रुवान सगळ्यांच्या पुढं होता.

शिवकांता सरपटत सासूजवळ गेली. मल्लम्माच्या छातीतलं रक्त उखळाच्या बुडाशी साचत होतं.

"आला का गं?"

"न्हाय, अत्याबाई. कुणीबी आलं न्हाय."

"बरं झालं," मल्लम्मा म्हणाली. मग पालथ्या कढईकडे बघून तिनं विचारलं, "फुटले न्हवं वडे?"

"व्हय. चिखल झाला हुता."

या वेळी तो कुणी केला, हे शिवकांतानं काढलं नाही. मल्लम्माला मात्र तेच आठवून हसू आलं, आणि ते तसंच राहिलं.