जिभेवरचा आकडा

"थांबा, आधी मी सांगते," म्हणत बायकोने त्याच्या हाताआधीच ओट्यावरचा पेला उचलला.

तीस वर्षं घरात हाच रिवाज होता. द्राक्षांची वाइन मुरली की तिने घोटभर चाखून आंबटपणाचा आकडा सांगायचा, लिटरमागे किती ग्रॅम आम्ल; मग याने काचेच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून तो मोजायचा. गावाचं पाणी तपासण्यात हयात गेलेल्या या माणसाला बायकोची जीभ दरवर्षी चीत करी, आणि त्याचं त्यालाच कोण कौतुक. ही असताना मला पगार कशाला देतात, असं तो प्रयोगशाळेत सांगत सुटे.

यंदा मात्र तिच्या घशावर दोन महिने किरणांचे उपचार झाले होते. चव जाईल, परतेल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. विचारलं की ती म्हणे, सगळं पूर्वीसारखंच लागतं. त्याने विश्वास ठेवला; त्याला ठेवायचाच होता.

त्यात यंदाची वाइन आंबटढाण. आंबटपणा मारायला त्याने सकाळी खडूची पूड घातली, आणि जेवणानंतर विसरून पुन्हा तेवढीच. दवाखान्याच्या खेपांनी डोकं ठिकाणावर नव्हतं. चाखली, तर साबणाचं पाणी बरं. तो ती ओतून टाकणार, तेवढ्यात ती आली होती.

तिने घोट नेहमीसारखा जिभेवर घोळवला, डोळे मिटले.

"सव्वासहा," ती म्हणाली. "छान जमलीये."

तो मोजायला बसला. आम्ल संपलं की येणारा गुलाबी रंग एरवी नळीवरची चारची रेघ ओलांडल्यावर येई, तो दोनच्या आतच आला. हिशेबाने लिटरमागे तीन ग्रॅमसुद्धा आम्ल नव्हतं. पाण्यात काहीही कमीजास्त झालं तरी त्यावरची पूड त्याच्या कपाटात असायची. आता काय घालायचं, हे त्याला कळेना. त्याला रडू येत होतं.

"किती?" तिने विचारलं.

"सव्वासहाच," तो म्हणाला, आणि वहीत तसं लिहिलं.

तिने नळीकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडे.

"मग ओता की अजून," ती हळूच म्हणाली.

त्याने तिचा पेला भरला, स्वतःचाही भरला, आणि तोंड जराही वाकडं न करता सगळा संपवला.